बाबांनी क्वार्टरबॅकला विचारलेला प्रश्न

मंगळवारी सकाळी ऑफिसात मीटिंग चालू असताना माझ्या नवऱ्याचा, निखिलचा मेसेज आला. ‘बाबा गेले. गाडी सावकाश चालव.’ एवढंच. मी लॅपटॉप मिटला, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला दोन शब्दांत सांगितलं आणि खरोखरच सावकाश गाडी चालवत ब्युमॉन्टला पोचले. माझे सासरे चार दिवसांपासून तिथल्या हॉस्पिटलात होते. त्यांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी आम्हाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझा नवरा बसला होता आणि त्याच्या खांद्यावर भलामोठा हात टाकून एक दाढीवाला अमेरिकन माणूस बसला होता. तो डेल. तो आमच्याही आधी तिथं पोचला होता, कारण शहात्तर वर्षांच्या बाबांचा या देशातला सगळ्यात जवळचा मित्र तोच होता... त्या मैत्रीबद्दल लिहावं असं गेले पाच-सहा आठवडे मनात आहे.

बाबा म्हणजे मधुकरराव. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं पी.टी. शिकवलं आणि कबड्डीचे संघ घडवले. सासूबाई गेल्यावर निखिल त्यांना इकडे डब्लिनला, आमच्या ओंगारच्या घरी घेऊन आला. बापलेकांचं बोलणं ‘चहा झाला का’ आणि ‘गोळी घेतली का’ याच्या पलीकडे जात नसे. मला वाटायचं, पुरुषांचं असंच असतं. बाकी बाबा गप्प बसणाऱ्यांतले मुळीच नव्हते. त्यांना प्रश्न पडत आणि ते लगेच विचारून टाकत. पोस्टमनला त्याचं गाव, शेजारणीला तिचं वय, बस ड्रायव्हरला त्याची झोप. इंग्रजी बेताचं, पण त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही. एकदा त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, “तुमचं निदान आतापरेंत किती वेळा चुकलं?” मी भाषांतर करायला नकार दिला, तर त्यांनी बोटांवर मोजण्याची खूण करून स्वतःच विचारलं. डॉक्टर हसले आणि त्यांनी खरं उत्तर दिलं, हे विशेष. मला मात्र पहिल्या वर्षभरात त्यांनी माझ्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. एकदा भाजी चिरता चिरता मी तसं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते खुर्ची ओढून समोर बसले आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे नेमकं काय, हे मला पावणेदोन तास समजावून सांगावं लागलं.

इथं आल्यावर दोनच महिन्यांत एका शनिवारी ते फिरायला गेले आणि चिंब भिजून परत आले. “अनू, इथं हेल्मेट घालून कबड्डी खेळून राहिले बाप्पा.” निखिलनं वर न बघता सांगितलं की तो अमेरिकन फुटबॉल. आयर्लंडमध्ये त्याचे हौशी क्लब आहेत, हे मलाही नवीनच होतं. लांबुळका चेंडू, दोन्ही बाजूंना अंगावर धावून जाणारी धिप्पाड माणसं आणि मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक डावाला चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा. त्या दिवसापासून बाबांचा शनिवार त्या मैदानाचा झाला. आमचा संघ बहुतेक सामने हरायचा. बाबांना त्याचं काहीच वाटत नसे, ते खेळाडूंचे पाय कसे पडतात ते बघत बसायचे. एका खेळाडूची आई, सत्तरीतली ब्रीडा, चहाचं सगळं बघायची. तिनं त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची आणून ठेवली. ती त्यांना ‘द मास्टर’ म्हणायची. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नसे आणि दोघंही न थांबता बोलत.

तीन वर्षांपूर्वी ब्रीडानंच बातमी दिली की संघात एक नामांकित माणूस येतोय. “युअर मॅन जर्मनीत खेळलाय, ऑस्ट्रियात खेळलाय. वय एक्केचाळीस, पण हात अजून ग्रँड आहे म्हणतात.” इथल्या बोलीत ‘युअर मॅन’ म्हणजे ‘तो माणूस’ आणि ‘ग्रँड’ म्हणजे ‘छान, ठीक’. डेलची बायको पोर्टलीशची. ते दोघं तिच्या गावी राहायला आले होते आणि तो आणखी थोडं खेळून बघणार होता. सराव संपल्यावर शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये चाहत्यांनी त्याला प्रश्न विचारावेत, असं क्लबनं ठरवलं. बाबांनी आठवडाभर तयारी केली. आमच्या मुलीच्या, इराच्या टॅबलेटवर त्याचे जुने सामने लावून ते नाकाजवळ धरून बघत बसले. शनिवारी भाषांतराला मी आणि गाडी चालवायला निखिल, असे आम्ही दोघंही निघालो. निखिल येऊन दाराशीच उभा राहिला, फोन बघत.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. डेल टेबलाच्या कडेवर बसला होता, दाढी पांढरी व्हायला लागलेली, गुडघ्याला पट्टा. कुणीतरी विचारलं, गुडघा कसा आहे? तो म्हणाला, सकाळी दहाच्या आधी हा प्रश्न विचारू नका. मग किती वर्षं खेळणार, कुठलं मैदान सगळ्यात आवडलं, असे प्रश्न आले. एकानं विचारलं, इतके संघ असताना आम्हालाच का निवडलं? “बायकोनं नकाशा काढला, तिला चालतील अशांत तुमचाच संघ पहिला दिसला,” तो म्हणाला. सगळा हॉल हसला. माणूस रंगात आला होता. तेवढ्यात बाबा उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता, सरळ त्याच्याकडे बघत बोलले, “त्या हरलेल्या मॅचमंदी तू शेवटाले फेकलेला बॉल ज्याच्या हातून सुटला, त्याले तू मंग काय म्हनला?”

मी भाषांतर केलं. डेलनं मला प्रश्न पुन्हा सांगायला लावला. त्याचं हसू गेलं होतं.

“काहीच नाही,” तो म्हणाला. “सेमीफायनल होती. नवा खेळाडू होता, त्याच्या हातांना लागून चेंडू खाली पडला आणि आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये तो माझ्यासमोरच बसला होता. मी बुटांच्या नाड्या सोडत राहिलो. पुढच्या मोसमात तो मोकळा दिसला तरी मी दुसऱ्याकडे फेकायचो. मग त्यानं येणं बंद केलं. आता खेळत नाही म्हणतात.”

“काहून नाही बोलला?” बाबांनी विचारलं.

डेलनं गुडघ्यावरचा पट्टा ओढून नीट केला. “मी ओरडलो नाही ना, म्हणजे चांगलाच वागलो, असं मला वाटत होतं.”

बाबांनी मान हलवली. “मलेही तसंच वाटलं होतं,” असं म्हणून ते खाली बसले... तेही कसे, तर खुर्चीची पाठ हातानं चाचपत. डेलनं मला विचारलं, ते काय म्हणाले? मलाच त्याचा अर्थ लागला नव्हता. मी सांगितलं, थँक यू म्हणतायत. मागे वळून बघितलं तर दार नुकतंच बंद होत होतं. निखिल बाहेर गेला होता.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात, बाबा वर आडवे झाले आहेत याची खात्री करून, निखिलनं मला सांगितलं. पंधरा वर्षांचा असताना तो शाळेच्या कबड्डी संघात होता. कोच अर्थातच बाबा. जिल्ह्याच्या फायनलची शेवटची चढाई त्याची होती. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून परत आला असता तर एक गुण मिळून बरोबरी झाली असती. त्याला कोपऱ्यातला गडी टिपता येईल असं वाटलं, तो आत घुसला आणि पकडला गेला. परतीच्या एसटीत तीन तास बाबा त्याच्या शेजारी बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. घरी गेल्यावरही नाही. पुढच्या वर्षी फळ्यावर संघाची यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. “ओरडले असते तर बरं झालं असतं गं,” तो म्हणाला. “मी वाट बघत होतो.” आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि माझ्या नवऱ्याला खेळाची आवड नाही, असंच मी धरून चालले होते.

मोसम सुरू झाला. डेल सरावानंतर चहाचा कप घेऊन बाबांच्या शेजारी गवतावर बसू लागला. मी नसले तरी त्यांचं चालायचं. निखिल आम्हाला न्यायला यायचा, पण गाडीशीच थांबायचा. तिसऱ्या सामन्यात शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही थोडक्यात मागे होतो. डेलनं चेंडू फेकला तो कीलनकडे. कीलन पोस्टमन, तिशीचा, उंच, लाजाळू. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला आणि निसटला. डेल लंगडत त्याच्यापर्यंत गेला, हेल्मेटला हेल्मेट टेकवून काहीतरी बोलला आणि पुढच्या डावाला पुन्हा त्याच्याकडेच फेकला. कीलनच्या हातून तोही सुटला. आम्ही हरलो. सगळे मान खाली घालून सामान आवरत होते आणि बाबा एकटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. डेल आला तेव्हा त्यांनी विचारलं, व्हॉट यू सेड? “सांगितलं, पुढचाही तुलाच येणार आहे. पडला तर त्याच्या पुढचाही.” निखिल गाडीपासून चार पावलं पुढं आला होता. त्यानं ते ऐकलं.

घरी येताना बाबा पुढच्या सीटवर होते, मी आणि इरा मागे. निम्म्या वाटेवर बाबा काचेबाहेर बघत म्हणाले, “निखिल, त्या दिवशी एसटीमंदी मी तुह्यासंग बोलाले पायजे होतं.”

समोर राउंडअबाउट, म्हणजे रस्त्यांचा गोल चौक होता. निखिल आमचा रस्ता सोडून पुढं गेला आणि पूर्ण गोल फिरून पुन्हा तिथंच आला.

“मी बोनस घेऊन परत यायला पाहिजे होतं,” तो म्हणाला.

“नाही. तू आत गेला ते बरोबर होतं. कोपऱ्यातला पोट्टा दमला होता, मी बाहेरून पाहून राहिलो होतो. मी बी गेलो असतो. हेच तुले तवाच सांगाचं होतं... मले हरल्याचा राग आला होता अन् तुह्यावर राग नाही हे सांगाची लाज वाटली. मंग जितके दिवस गेले तितकी जास्त वाटली.”

“आणि यादी?”

“ते चुकलंच,” बाबा म्हणाले. “त्याले काही कारण नाही.”

आम्ही पुन्हा एक गोल फिरलो. मागून इरानं तिच्या आयरिश हेलात विचारलं, “डॅडी, आर यू ओके?” निखिल म्हणाला, “ग्रँड.” आणि या वेळी त्यानं बरोबर वळण घेतलं.

काही दिवसांनी मी डेलला सांगून टाकलं की त्या दुपारी बाबा ‘थँक यू’ म्हणाले नव्हते, आणि काय म्हणाले होते तेही. तो म्हणाला, “मला अंदाज होता. नुसते आभार मानणारा माणूस असा खाली बसत नाही.”

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं आमच्या घरातली सगळ्यात गोंगाटाची. बापलेक जेवताना जुन्या सामन्यांवरून भांडायचे, कोण कुठे उभा होता यावरून वाटाण्याचे दाणे मांडून वाद घालायचे. डेलनं बाबांना सांगितलं की पोरांना अंगावर आलेला माणूस घट्ट धरता येत नाही. बाबांनी गवतावर पांढऱ्या पावडरीनं कबड्डीचं मैदान आखलं. थंडीत, तोंडातून वाफा सोडत, वीस-बावीस आयरिश माणसं ‘कबडी, कबडी’ म्हणत एकमेकांच्या घोट्याला धरत होती. पण चढाई कशी करतात ते त्यांना कळेना. बाबांनी हाक मारली, “निखिल, दाखव यायले.” निखिलनं जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. एक्केचाळीस वर्षांचा, पोट थोडं सुटलेला माझा नवरा वाकून, हात पसरून रेषेपलीकडे गेला आणि कीलनच्या गुडघ्याला हात लावून परत आला. मी त्याला त्या आधी कधी पळतानाही पाहिलं नव्हतं. बाबांनी काही शाबासकी दिली नाही. म्हणाले, “डावा पाय उशिरा उचलतो तू. पयलेपासून.” निखिल इतका खूश झाला की घरी येईपर्यंत तेच वाक्य तीनदा म्हणाला.

शेवटच्या हिवाळ्यात बाबांचं चालणं कमी झालं. हॉस्पिटलात गेल्यावर शनिवारी मी त्यांच्याजवळ बसले होते. सामना कोण जिंकलं असं ते विचारतील म्हणून मी फोन उघडून तयार होते. त्यांनी विचारलं, “कीलनले बॉल दिला का?” मी ब्रीडाला फोन लावला. चार वेळा दिला, तीनदा पकडला, असं ती म्हणाली. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, बरं झालं. आमचं शेवटचं नीट बोलणं तेच.

अंत्यविधीला सगळा संघ जर्सी घालून आला. ब्रीडानं सँडविचेस आणली होती, आणि एकातही अंडं नाही, हे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. डेल दोन मिनिटं बोलला. म्हणाला, मला वीस वर्षांत लोकांनी हजार प्रश्न विचारले, त्यातल्या एकाच माणसाला उत्तर हवं होतं. निखिल बोलायला उभा राहिला, त्यानं हातातला कागद उलगडला आणि पुन्हा घडी करून खिशात ठेवला. मग तो कीलनशेजारी जाऊन बसला.

बाबांचे पांढरे कॅनव्हासचे बूट खोली गरम ठेवणाऱ्या खालच्या रेडिएटरजवळ आहेत. पी.टी. मास्तरांची जुनी शिस्त, दर शुक्रवारी ते धुवायचे आणि त्यांना पांढरं लावून वाळत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी चिखलात जायचे असले तरी. ते गेल्यावर मी बूट उचलून कपाटात ठेवले होते. परवा शुक्रवारी कामावरून आले तर निखिल सिंकपाशी उभा राहून जुन्या टूथब्रशनं त्यांचे तळवे घासत होता. त्याला ते एका नंबरानं लहान होतात. कुणासाठी, असं मी विचारलं नाही. त्यानं पांढरं लावलं, नाड्या वेगळ्या धुऊन दांडीवर टाकल्या, बूट रेडिएटरवर उपडे ठेवले आणि उद्या सराव किती वाजता आहे ते बघायला फोन उघडला.