विसावं नाव

हिंगणीच्या बाहेरचा नाला ओलांडताना कोकिळाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी पदराची पिन काढली, अंगठ्यात टोचली आणि पुन्हा चालायला लागल्या. सकाळपासून आम्ही दोघी सात-आठ किलोमीटर तरी चाललो असू. वहीत अठरा नावं झाली होती. सोमवारपर्यंत वीस झाली नाहीत, तर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातलं अकरावीचं गणित बंद होणार होतं. फॉर्म बदलायची मुदतही तोवरच.

कोकिळाबाई तिथे तेरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवतात. विषय गेला की त्यांचे तासही जाणार, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. त्यांचा राग वेगळाच. आमच्याकडे फॉर्म भरून देणारा माणूस, मुलगी दिसली की न विचारता जीवशास्त्र लावतो आणि गणिताच्या जागी भूगोल. सावंगीचं मोठं हॉस्पिटल जवळ, त्यामुळे प्रत्येक आईला आपली लेक पांढऱ्या कोटात दिसते. मलाही दिसली. माझ्या अंजूचा फॉर्म भरायच्या दिवशी मी तिला देवघरात बसवून विचारलं, "डॉक्टर होशील ना?" तिने मान डोलावली.

मी देवळात पोथी वाचते, गावातल्या बाया माझं ऐकतात, म्हणून बाईंनी मला सोबत घेतलं असेल, असं मी धरून चालले होते.

नत्थूजींच्या अंगणात नवे पत्रे नुसते पडून होते. गोठ्यावर टाकायला आणलेले, पण लांबीला कमी पडले.

"बारा फुटांचं अंतर मोजलं, बारा फुटीच पत्रे आणले," नत्थूजी म्हणाले. "दुकानदारानं फसवलं मले."

"एक भिंत उंच आहे न?" बाईंनी विचारलं.

"पाच फुटानं."

बाईंनी पाण्याचा गडवा घेऊन आलेल्या पौर्णिमाकडे नुसतं पाहिलं. नत्थूजींची ही धाकटी.

"उतारावर तेरा फूट लागते, बाबा," ती हळूच म्हणाली. "अन् पाणी भिंतीवर पडू नये म्हणून अजून एक फूट."

"मंग मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही इचारलंच नाई."

नत्थूजींची बायको आतून मोठ्यानं हसली. "घ्या! पत्रे वापस करा अन् पोरीचं नाव लिहा!" नत्थूजींनी डोकं खाजवत सही केली.

एकोणीस.

परतताना फाट्यावरच्या कडुलिंबाखाली बाई टेकल्या. मी म्हटलं, "एकच राहिलं. देव देईल."

"देवाले काऊन त्रास देऊन राह्यली, मंदा?" त्या पिन घट्ट करत म्हणाल्या. "सुट्ट्या लागल्या तशी तुही अंजू माह्याकडून अकरावीचं गणिताचं पुस्तक घेऊन गेली. अजून वापस नाई केलं."

मला ते पुस्तक घरात कुठेच दिसलं नव्हतं. दिवसभर एवढी घरं झाली, माझ्या घराचं नाव बाईंनी एकदाही काढलं नव्हतं.

"नाव लिही म्हणत नाई मी," बाई म्हणाल्या. "फक्त घरी गेल्यावर तिले एक वेळा इचारजो, तुले काय घ्यायचं आहे म्हणून. पण देवघरात नको इचारजो, बाप्पा. तिथं ती तुह्यासाठी हो म्हणते."