चिनी काढ्याचं अनुपान

सासरे कुवेतला आमच्याकडे राहायला आले ते एक पक्कं मत घेऊनच आले: पंपाची सवय लागते. बिडीची सवय जन्मभर चालली, ती चालली. बिडीनं फुप्फुसं कामातून गेली, तरी दम्याचा पंप नको. बनेद अल-गारमधल्या आमच्या घराचा जिना चढताना ते मध्येच कठडा धरून उभे राहायचे आणि विचारलं तर "समुद्र बघतोय" म्हणायचे. आमच्या जिन्याला खिडकी नव्हती.

मी इस्पितळात श्वासाच्या चाचण्या करणारी टेक्निशियन. दिवसभर परक्या माणसांना "फुंका, अजून जोरात फुंका" म्हणून घसा बसवून घ्यायचा, आणि घरी मात्र आमचे हे म्हातारबुवा पंपाकडे पाठ फिरवून बसलेले. माझं डोकं फिरायचं.

खालचा दुकानदार रत्नागिरीकडचा. त्यानं रुमैथियातल्या एका चिनी वैद्याचं नाव काढलं आणि सासरे एका पायावर तयार झाले. त्यांचा राग इंग्रजी औषधांवर होता, चीनशी त्यांचं काही वाकडं नव्हतं.

वैद्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली. सासरे खूश, आमच्या इस्पितळात त्यांची जीभ कुणी इतकी निरखली नव्हती. काढा जेवणानंतर घ्या आणि इस्पितळाचं औषध बंद करू नका, एवढंच वैद्य मोडक्या इंग्रजीत म्हणाला. भाषांतर माझ्याकडे होतं. मी ते जरा सजवलं.

"बाबा, काढा जेवणानंतर. आणि त्याला अनुपान आहे."

"मधाचं?"

"पंपाचं."

ते थोडे थबकले. पण अनुपान चुकवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. "शास्त्र आहे म्हटल्यावर घ्यायला हवं," म्हणाले.

मग रोज काढा उकळू लागला. ज्येष्ठमध, संत्र्याच्या वाळक्या साली आणि कसल्याशा मुळ्या. सगळ्या बिल्डिंगला वास. सासरे आधी पंप ओढायचे, मग नाक दाबून काढा. हळूहळू ते न थांबता जिना चढू लागले, संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन येऊ लागले आणि भेटेल त्याला चिनी औषधाचा महिमा ऐकवू लागले. मी दात-ओठ खात ऐकायची.

व्हिसा संपत आला, तसा काढाही संपला. बॅग भरताना त्यांनी पंप माझ्या हातात दिला.

"औषधच नाही, तर अनुपान कशाला?"

गावी त्यांना पंप घ्यायला लावणारं कुणी नव्हतं.

"बाबा, ते अनुपान माझं होतं, वैद्याचं नव्हे. तुम्हाला बरं वाटलं ते पंपानं."

"मला काय कळत नाही होय?" ते सदऱ्याची घडी घालत म्हणाले. "मध्ये एकदा काढा उतू गेला, तेव्हा नुसत्या पंपावर जिना चढलोच की."

"मग परत का देताय?"

ते खाली बसले.

"धाकट्याला मी घेऊ दिला नव्हता," ते म्हणाले. "सवय लागेल म्हणालो. त्यानं ऐकलं माझं. आता काढ्याचा आडोसा नसताना मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

त्यांचा धाकटा भाऊ दम्यानंच गेला होता. मी पंप त्यांच्या खिशात घातला. त्यांनी खिशावर हात ठेवला, पण पंप बाहेर काढला नाही.