तळाशी सारलेलं घोंगडं

आज सकाळी माझ्या कपड्यांच्या दुकानात मफलरांचा गठ्ठा उचलला, तर त्यातून बारीक भुकटी सांडली. लोकरीला कसर लागली होती. त्या कुबट वासासरशी मी लहान होऊन, वडिलांचं बोट धरून दौंडच्या याच पेठेत उभा राहिलो.

आमची मेंढरं तेव्हा विकून झाली होती. तरी आप्पा, म्हणजे माझे वडील, राहूहून घोंगडं घ्यायला इथल्या घोंगडीवाल्या मामांच्या दुकानातच यायचे. घोंगड्यांना लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास दुकानभर दाटलेला असायचा. त्या दुपारी आमच्याशिवाय तिथं कुणीच नव्हतं. आप्पांनी सगळ्यात वरचं घोंगडं उलगडून दाराशी धरलं आणि त्याच्या भोकांतून आलेलं ऊन मामांच्या सदऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडलं. भरदिवसा चांदणं पडल्यासारखं वाटून मी टाळ्या पिटल्या.

"मामा, कसर लागली की वो," आप्पा हळूच म्हणाले.

"हात फिरत व्हता तवर लागत नव्हती. आता कुणी उलगडूनबी बघत न्हाई."

मामांनी ते घोंगडं नीट घडी घालून गठ्ठ्याच्या तळाशी सारलं. पुढच्या दिवाळीला आलो, तर दाराला कुलूप होतं.

आता समोरची शटरंही खालीच असतात. या गल्लीला आम्ही अजून पेठ म्हणतो; म्हणायला काय जातं!

"काय झालं वो?" बायकोनं आतून विचारलं.

"काय न्हाई," म्हणालो, आणि कसर लागलेला वरचा मफलर घडी घालून गठ्ठ्याच्या तळाशी सारला.