उपाशी पेशंटची डॉक्टर

डॉ. वंदना गेल्याचं मला मेडशीहून ड्यूटीवर येताना एसटीत कळलं. हॉस्पिटलच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपल्या डायटवाल्या मॅडमचे हृदयविकाराने निधन.’ एमडी होऊन पोषणोपचाराचं वेगळं शिक्षण घेतलेली जऊळक्याच्या शेतमजुराची ही मुलगी आमच्या लेखी शेवटपर्यंत डायटवालीच राहिली. महिना उलटला तरी त्या ओळीचा राग जात नाही... आणि तो माझ्यावरही आहे. मी त्यांच्या वॉर्डाची सिस्टर. ‘खिचडी खा हे सांगायला डॉक्टर कशाला?’ म्हणून सुरुवातीला मीही हसले होते.

मॅडम रिपोर्ट पाहण्याआधी पेशंटच्या दंडाचा घेर टेपने मोजायच्या, वजन करायला लावायच्या आणि विचारायच्या, “पोटात अन्न कवा गेलं होतं?” धनजची शोभाबाई आतड्याच्या ऑपरेशननंतर आठ दिवस नुसत्या सलाईनवर होती. तिचा नवरा म्हणाला, “बाटल्या तं चालूच हायेत, मॅडम.”

“दादा, त्यात पानी, मीठ अन् जराशी साखर हाय. तेवढ्यावर तुमी आठ दिवस वावरात राबसान काय?”

त्यांनी नळीतून अन्न सुरू केलं, अगदी थोडं थोडं. इतक्या उपाशी शरीराला एकदम भरवलं तर रक्तातले क्षार ढासळून हृदय बंद पडू शकतं, हे मला त्यांनीच शिकवलं. रोज रक्त तपासून मात्रा वाढवायच्या. पाचव्या दिवशी शोभाबाई स्वतः उठून बसली. मग मॅडम आठवडाभर रजेवर गेल्या, आणि पोट थोडं फुगलंय म्हणून सर्जननी नळी काढायला सांगितलं. मी म्हटलं, मॅडमना फोन करून विचारते. ते म्हणाले, “सिस्टर, पोट मी शिवलंय.” मी नळी काढली, पुन्हा नुसतं सलाईन सुरू झालं. मॅडम परतल्या त्याच्या आदल्या दिवशी शोभाबाई गेली. कागदावर कारण लिहिलं, जंतुसंसर्ग.

“संसर्ग झालाच,” मॅडम सर्जनना म्हणाल्या, “पण त्याच्याशी लढायला तिच्या अंगात तुम्ही काय शिल्लक ठेवलं होतं?” त्यांनी फाइलमध्ये ‘तीव्र कुपोषण’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पान नव्हतं. त्या जागी लावलेलं नवं पान माझ्या अक्षरातलं होतं. कुपोषण वगळून लिहायला मला सांगितलं गेलं आणि मी लिहून दिलं. मॅडमनी ते पाहिलं, फाइल मिटली आणि मला म्हणाल्या, “चला, राउंड राह्यला आहे.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शोकसभेत तेच सर्जन म्हणाले, मॅडम आमचा आधार होत्या. मी उठले आणि शोभाबाईचं सगळं सांगितलं, पानासकट. नंतर मला नोटीस आली, येऊ दे.

मॅडमची जागा रिकामीच आहे. त्यांच्या खोलीत आता मोडक्या खाटा ठेवल्यात. राउंडला त्यांचा प्रश्न मी विचारते. काल एक आजोबा म्हणाले, “पाच रोज झाले बाई, कोनी इचारलंच नाई.” मी ते फाइलमध्ये लिहिलं, फाइल सर्जनसमोर धरली आणि त्यांनी वाचून नळीचा आदेश लिहीपर्यंत तिथून हलले नाही.