दोनाने वाढलेले आकडे

त्या हिवाळ्यात निफाडहून फोन आला की मी आधी तळहात पँटला पुसायचो आणि मगच रिसीव्हर उचलायचो. पलीकडे सर असायचे. आठवीपासून दहावीपर्यंत त्यांनी मला विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी मला एकदाही मारलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. तरी मी घाबरायचो, कारण ते जे विचारत होते त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि मी ते देत नव्हतो.

सरांच्या परसात एक पांढरी, फटी-फटींची लाकडी पेटी खांबावर उभी होती. तिच्यात थर्मामीटर. नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावरही रोज पहाटे सहाला ते पेटीचं दार उघडायचे आणि रात्रीचं सर्वांत कमी तापमान वहीत लिहायचे. एकही दिवस न चुकता अठ्ठावीस वर्षं. डिसेंबरात आजूबाजूचे द्राक्षबागाईतदार सकाळी सायकलवरून जाता जाता विचारायचे, "सर, आज कितीवर उतरला?" सर आकडा सांगायचे. त्यावरून कुणी बागेत शेकोट्या पेटवायचं ठरवायचं, कुणी पाणी सोडायचं. सरांनी ह्याचं कधी भांडवल केलं नाही. पण मुलांनी एखाद्या आकड्यावर शंका घेतली की ते शांतपणे म्हणायचे, "मी स्वतः पाहिलंय." त्यांच्या तोंडी तो शेवटचा शब्द असायचा.

मी तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत सहायक होतो, राहायला नाशिक रोडला. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्हा काही जणांना लिनक्सचं, म्हणजे संगणकाच्या एका फुकट सिस्टीमचं, वेड लागलं होतं. मासिकाबरोबर सीडी यायची, ती आम्ही एकमेकांना द्यायचो, रविवारी कुणाच्या तरी घरी जमून ती मशीनवर चढवायचो. आवाज येईना, प्रिंटर ओळखेना, मोडेम लागेना, सगळ्यांशी झुंजायचो. आणि जो भेटेल त्याला सांगायचो की तूही हेच घे. सरांनी निवृत्तीनंतर संगणक घेतला होता आणि दोन वर्षं बसून सगळ्या वह्या त्यात उतरवल्या होत्या. एकदा व्हायरसने त्यातली दोन वर्षं खाल्ली, ती त्यांनी पुन्हा टाइप केली. मी म्हणालो, सर, लिनक्स टाकू या, परत कधी असं होणार नाही. ते हो म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास होता एवढंच त्यामागचं कारण.

दसऱ्याचा दिवस धरला. जुन्या मशीनवर नवी सिस्टीम हळू चालली असती म्हणून मी मेमरीची एक जादा पट्टी विकत आणली होती. कॅबिनेटची बाजू उघडून ती बसवली, तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पूजेचं ताट घेऊन आल्या. पाटावर विळी, पाना, सरांच्या सायकलचा पंप, सगळ्यांची पूजा झाली होती. काकूंनी संगणकाकडे पाहिलं.

"त्याला पण लावते. आणि आतलं नवं हाय ना, त्याला आधी."

त्यांनी ओल्या कुंकवात अनामिका बुडवली आणि उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालून त्या हिरव्या पट्टीला बोट टेकवलं. कुंकू पातळ होतं. एक ओघळ पट्टीवरून खाली, ती जिथे खाचेत बसते तिथपर्यंत गेला. मी तो पाहिला. थांबा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पूजा करणाऱ्या माणसाचा हात आमच्याकडे कुणी धरत नाही. काकू आत गेल्यावर मी रुमालाने वरचं कुंकू टिपलं. पट्टी काढून खाच स्वच्छ करायला पाच मिनिटं लागली असती. जेवायची पानं मांडली होती. मी कॅबिनेट बंद केलं.

मग सरांच्या फायली मी डिस्कच्या एका कोपऱ्यात हलवल्या, जुनी सिस्टीम पुसली, लिनक्स बसवलं आणि फायली पुन्हा जागेवर आणल्या. ह्या ने-आणीत प्रत्येक आकडा त्या पट्टीतून गेला. दुसरी प्रत मी काढली नव्हती.

दिवाळीच्या आवराआवरीत काकूंचा फोन आला. वह्यांच्या कपाटाला वाळवी लागली आहे, सर वह्या टाकू देत नाहीत, तूच सांग. सर फोनवर आले. मी हसत म्हणालो, "सर, सगळं आत आहे. माणूस चुकेल, मशीन चुकत नाही. देऊन टाका." रद्दीवाला हातगाडी घेऊन आला आणि पंचवीस वर्षांच्या वह्या घेऊन गेला. सर्वांत अलीकडच्या तीन तेवढ्या राहिल्या, कारण त्या टेबलावर होत्या.

डिसेंबरात सरांचा पहिला फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"काय रे, एका वर्षी पहाटे हंड्यातल्या पाण्यावर बर्फ धरला होता. साय धरावी तसा. मी बोटाने उचलून मुलांना शाळेत दाखवायला नेला, पोचेपर्यंत वितळला. त्या दिवशी एक पूर्णांक चार होतं असं मला पक्कं आठवतं. इथे तीन पूर्णांक चार दिसतंय. तीनला बर्फ धरतो का?"

"टाइप करताना चुकलं असेल, सर."

मग ते म्हणाले, "असेल."

आठवड्याने पुन्हा फोन. उरलेल्या तीन वह्या त्यांनी मशीनशी ताडून पाहिल्या होत्या. अकरा ठिकाणी फरक निघाला. "मी अकरा ठिकाणी चुकलो," ते म्हणाले. फरक निघाला असं म्हणाले नाहीत. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला कळलं. सरांचे थोरले भाऊ शेवटच्या वर्षांत घरच्यांनाही ओळखेनासे झाले होते. सर त्याबद्दल बोलायचे नाहीत, पण गावाला ते माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी एसटीने निफाडला गेलो. सर बाजारात गेलेले असताना मी एक लांबलचक आकड्यांची फाईल तयार केली, तिची प्रत काढली, दोन्ही ताडून पाहिल्या. चार फरक. पुन्हा प्रत काढली. दोन फरक, आणि तेही वेगळ्या ठिकाणी. सर कुठेच चुकले नव्हते. त्यांची अठ्ठावीस वर्षं त्या खोक्यात कुरतडली जात होती. आवाज नाही, पडद्यावर एकही सूचना नाही. त्याच क्षणी पळत जाऊन त्यांना सांगायला हवं होतं. मी ठरवलं, आधी कारण शोधू, मग सांगू. तोपर्यंत नवं काही टाइप करू नका, एवढंच त्यांना म्हणालो. मीच चुकतो म्हणून हा थांबवतोय, असा अर्थ त्यांनी घेतला हे मला नंतर कळलं; ते फोनवर कारण विचारत राहिले आणि मी टाळत राहिलो.

नाशिक रोडच्या सायबर कॅफेत बसून मी त्या लिनक्सच्या संकेतस्थळावर बग, म्हणजे सिस्टीममधला दोष, नोंदवला. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी जुळवलं: फाईलची प्रत काढताना आकडे आपोआप बदलतात. दोन दिवसांनी उत्तर आलं. कुठल्या तरी दूरच्या देशातला एक प्रोग्रामर. मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याने फार सभ्यपणे आवृत्ती विचारली, डिस्क कोणती ते विचारलं, नोंदींची फाईल मागितली. शेवटी लिहिलं होतं की अशी लक्षणं बहुतेकदा खराब मेमरीची असतात, तेव्हा कृपया मेमरीची चाचणी काही तास चालवा आणि काय निघालं ते कळवा.

ते वाक्य वाचलं आणि मला कुंकवाचा ओघळ दिसला. डोळ्यांसमोर, अगदी लख्ख. चाचणीचा प्रोग्राम लिनक्सच्या त्याच सीडीवर होता. फक्त रविवारपर्यंत थांबायचं होतं. मी लिहिलं: चाचणी केली, दोष नाही.

का लिहिलं ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पट्टी मी बसवली होती, वह्या मी घालवायला लावल्या होत्या. चाचणीत काही निघालं असतं तर सगळा दोष माझ्याकडे येत होता. बग सिस्टीमचा निघाला तर मी फक्त तो पकडणारा ठरत होतो. ह्याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. मेमरी ठीक आहे म्हटल्यावर त्याने ड्रायव्हरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, शोधायला सुरुवात केली. हा बदल करून पाहा, तो काढून पाहा. मी रविवारी निफाडला जाऊन पाहायचो, आणि मेमरी तीच असल्यामुळे कधी फरक निघायचा, कधी नाही. त्यामुळे तो अधिकच गोंधळायचा. आणखी दोघं चर्चेत आले. त्यातल्या एकाने दुसऱ्याने केलेल्या एका बदलावर संशय घेतला, त्यांच्यात जरा कडू शब्द झाले. एक अनोळखी माणूस येऊन लिहून गेला की हे वाचून मी ही सिस्टीम ऑफिसातून काढून टाकली. शेवटी त्या प्रोग्रामरने विचारलं की हा प्रश्न सुटेपर्यंत पुढची आवृत्ती थांबवावी का. एका वाक्याने मी काय करून बसलो होतो. ते मागे घ्यायचं तर खोटं बोललो हे सगळ्या जगासमोर लिहावं लागणार. मी पैसे देऊन बाहेर आलो आणि आठ दिवस मेल उघडली नाही.

मग काकूंचा फोन आला. त्या सहसा फोनवर बोलत नसत.

"बाळा, तू ये जरा. सर पेटीकडं जात नायत. आठ दिस झाले."

मी विचारलं, बरं नाही का. त्या म्हणाल्या, अंगाला काही नाही. लय गप्प असतात. नाशिकला डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरने आज वार कोणता ते विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सरांनी सगळं बरोबर सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. सकाळी थर्मामीटर पाहून घरात येईपर्यंत आकडा माझ्या डोक्यात तोच राहतो कशावरून, असं म्हणतात आणि पांघरूण ओढून पडून राहतात.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून गेलो. बसमध्ये खिडकीशी बसलो होतो, बाहेरचं काही दिसत नव्हतं. सर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी कुणाशी न बोलता मशीनमध्ये सीडी घातली आणि मेमरीची चाचणी लावली. सकाळचे अकरा वाजले होते. निळ्या पडद्यावर आकडे सरकू लागले. चार मिनिटं झाली नसतील, पहिली लाल ओळ आली. मग दुसरी. मग पडदा खालून वर लाल होत गेला. माझ्या खांद्यामागे सर केव्हा येऊन उभे राहिले मला कळलं नाही.

"हे लाल काय आहे?"

मी सांगितलं. मान वर न करता सगळं सांगितलं. मी बसवलेली मेमरी खराब आहे, आकडे तिने बदलले, तुम्ही चुकला नव्हता, आणि हे मला दीड महिना माहीत होतं. तिकडे मी खोटं लिहिलं तेही सांगितलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या पहाटे एक पूर्णांक चारच होतं?"

"हो सर. बहुतेक."

"बहुतेक नको मला."

मी टेबलावरच्या तीन वह्या पुढे ओढल्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या घेऊन बसलो. अकरा चुका एकाखाली एक लिहिल्यावर त्यातला सारखेपणा सरांनीच पाहिला. एकाचे तीन झाले होते, चाराचे सहा, पाचाचे सात, शून्याचे दोन. नेहमी दोनाने जास्त, कमी कधीच नाही. मेमरीतली दोनाच्या किमतीची एकच तार नको तेव्हा चालू राहत होती. म्हणजे मशीनमधून छापून काढलेल्या यादीत जिथे शून्य, एक, चार किंवा पाच दिसतो तो अंक खात्रीचा, आणि दोन, तीन, सहा, सात संशयाचे. आठ-नऊ बिघडले असते तर अंकाऐवजी भलतंच चिन्ह उमटलं असतं, म्हणून तेही खात्रीचे. सरांनी लाल पेन घेतलं. पानामागून पान ते संशयाच्या अंकांना गोल करत गेले. अर्ध्याहून अधिक पानं लाल झाली. ज्या पहाटा त्यांना आठवत होत्या तिथे समासात पेन्सिलने लिहिलं. बर्फाच्या दिवसापुढे लिहिलं, "हंड्यावर बर्फ. १.४ असावे." त्यांच्या अक्षरात 'असावे' हा शब्द मी पहिल्यांदा पाहत होतो.

मी पट्टी काढली. तिच्या कडेला आणि खाचेच्या तळाशी वाळलेलं कुंकू होतं. काकू दारातच उभ्या होत्या. मी पट्टी मुठीत झाकली आणि तीच मुळात खराब निघाली म्हणालो. ते खोटं मी आजवर तसंच ठेवलं आहे. त्याची मला लाज वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते.

नाशिक रोडला उतरून मी सरळ कॅफेत गेलो आणि बगखाली लिहिलं की मी चाचणी न करताच केली म्हणून सांगितलं होतं, आज केली, मेमरी खराब आहे, दोष तुमचा नाही, माझा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रोग्रामरचं उत्तर आलं होतं. कळवल्याबद्दल आभार, बग बंद करतो आहे. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी त्या संकेतस्थळावर पुन्हा कधी काही नोंदवलं नाही.

सर पेटीकडे पुन्हा जाऊ लागले. काकूंनी ते फोन करून मला कळवलं, आणि मी सुटलो असं मला वाटलं. पुढच्या थंडीत मी एक रात्र त्यांच्याकडे मुक्काम केला. पहाटे सर उठले, स्वेटर चढवला, टॉर्च घेतला. पेटीचं दार उघडून थर्मामीटरकडे वाकले, बराच वेळ पाहिलं. मग वहीत काही न लिहिता मागे वळून त्यांनी घराकडे हाक मारली. काकू चुलीवरचं पाणी सोडून, पदराला हात पुसत लगबगीने आल्या. रोजची सवय असावी तशा वाकल्या, बारीक डोळे करून पाहिलं आणि आकडा सांगितला.

"सहा पूर्णांक दोन."

"मलाही तेच दिसलं," सर म्हणाले, आणि मगच लिहिलं.