सांगोल्याच्या मेंढीने सरांना नापास केलं

आमचे हे कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात, आणि घरी मला. सध्या विषय वासाचा. बोलणार वासावर आणि स्वतःच्या अंगाला खडू, बाम आणि प्रयोगशाळेतलं फॉर्मॅलिन! म्हणून त्यांचा जुना विद्यार्थी धनाजी फोनवर "मेंढ्या व्यायला लागल्यात सर, बगायला या की" म्हणाला, तेव्हा मी अट घातली. सोलापुरात अत्तर घ्यायचं आणि लावायचं, तरच येईन.

पुण्याहून सकाळी लवकर निघा, मोडनिंबला चहा प्या, जेवायला सोलापूर. नवी पेठेत गाडी घालण्याचा शहाणपणा मात्र करू नका. लांब लावा आणि रिक्षाने जा. आम्ही शेंगाचटणी आणि दीडशे रुपयांचं मोगऱ्याचं अत्तर घेतलं. दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, एकच थेंब."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला खूश करायला अर्धी बाटली अंगावर ओतली. मंगळवेढ्यामार्गे सांगोला दोनेक तास. रस्ता बरा आहे, दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा, पण माझी मान अख्खी वाट खिडकीबाहेर.

धनाजीच्या वस्तीवर एक मेंढी नुकतीच व्यायली होती. तिचं पहिलंच पिल्लू. ह्यांनी ते थरथरतं कोकरू थेट छातीशी धरलं आणि तास सुरू केला.

"नाकात वास टिपणाऱ्या पेशींचे शेकडो प्रकार असतात. एक वास आला की त्यातले काहीच जागे होतात. पेटीच्या चार पट्ट्या एकदम दाबाव्यात तसं! कुठल्या पट्ट्या दाबल्या, त्यावरून मेंदू वास ओळखतो. ही मेंढी तासाभरात स्वतःच्या पिल्लाचा सूर पाठ करते. मग दुसरं पिल्लू जवळ येऊ देत नाही."

तास संपला, कोकरू खाली ठेवलं. ते लटपटत आईकडे गेलं. मेंढीने शेपटीशी हुंगलं, फुरफुरली आणि अशी ढुशी दिली की बिचारं कोलमडलं. उठलं, गेलं, पुन्हा ढुशी.

धनाजीची बायको सुनंदाताई धावत आली. "सर, अंगाला काय लावलंय तुमी?"

"मोगरा."

"अगं बया! तिला कसं कळायचं आपलं कुटलं त्ये? अजून चीक बी प्यायलं न्हाय. आईनं न्हाय घेतलं तर बाटलीवर लई कमी जगत्यात."

ह्यांचा चेहरा उतरला. ह्यांनी पेटीवर दोन्ही कोपरं टेकवून बसावं तसं केलं होतं. आणि मला तोंड लपवावंसं वाटलं, कारण अत्तराचा हट्ट माझा.

सुनंदाताईने कोमट पाण्याने कोकरू धुतलं, पोत्याने पुसलं, मेंढीचा चीक पिळून त्याच्या पाठीला, शेपटीला चोळला. मग ह्यांच्याकडे वळली. "सर, तुमी त्या बाभळीपल्याड बसा. सदरा काडून."

कॉलेजात ज्यांच्यापुढे पोरं चळाचळा कापतात, ते बनियनवर उन्हात बसले. सुनंदाताईने मेंढीला गुडघ्यांत धरलं. एकदा ढुशी, दोनदा ढुशी. मी तर खंडोबाला नवस बोलले. तिसऱ्या वेळी मेंढीने बराच वेळ हुंगलं, घशातल्या घशात हुंकार दिला आणि चाटायला लागली. कोकराची शेपटी वळवळायला लागली.

"पितंय का?" बाभळीपलीकडून हाक आली.

"व्हय सर! पर हितं येऊ नका!"

ह्यांची भाकरी आणि शेंगाचटणी बाभळीखालीच पोचवली. लई झकास झाली होती.

घरी आल्यावर सदरा तीनदा धुतला, मोगरा हटेना. शेवटी फरशी पुसायला घेतला, आता स्वयंपाकघर घमघमतं. तुम्ही वस्तीवर जाणार असाल तर साध्या पाण्याने अंघोळ करून जा आणि पिल्लाला हात विचारून लावा.

चौथ्या दिवशी धनाजीचा फोन आला, कोकरू उड्या मारतंय. हे कॉलेजातून आले तेव्हा हीच बातमी द्यायला दार उघडलं. खडू, बाम, फॉर्मॅलिन. मी तिथेच एक मोठा श्वास घेतला.

"काय गं?" ह्यांनी घाबरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आपलंच आहे. या आत."