पाच वाव पाणी

आधीच सांगतो, मी डिझेल इंजिनवाला माणूस. कुठून आवाज आला की मी बेअरिंग तपासतो, भूत नाही. गावी असल्या गोष्टी निघाल्या की चहा संपवून उठायचो. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून डोकं पिकलंय...

एका मालकाची अडतीस फुटी शिडाची बोट ओमानमध्ये मस्कतहून सूर बंदरात पोचवायची होती. बोटीवर दोघंच – मी आणि दाऊदचाचा. चाचा रत्नागिरीकडचे, तरुणपणी गलबतावर काम केलेले, आता साठी ओलांडलेली. समुद्र, शिडं सगळं त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त इंजिन. "तुला ग्रीसशिवाय काय येतं रे?" म्हणून मला सारखे चिडवायचे.

वाटेतलं कुरियात गाव मागे टाकलं आणि दुपारी चाचांच्या छातीत कळ आली. घामाने निथळले. मदतीसाठी तटरक्षकांना फोन केला, तर जवळच्या मासेमारी बंदरात अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतो म्हणाले. चाचांना केबिनमध्ये झोपवलं, घरंगळू नयेत म्हणून पट्टा बांधला आणि सुकाणू धरलं. हवेत धूळ इतकी दाट, की बोटीचं नाकही दिसेना. खोली दाखवणारं मीटर आदल्या दिवशीच बंद पडलेलं. मोबाइलवर किनारा दिसत होता, खडक नाहीत. बोट आपटली तर चाचा गेलेच...

तेवढ्यात पुढून, नाकाकडून, चाचांचा आवाज – "सात वाव!"

दोरीला वजन बांधून पाण्यात सोडायचं आणि हात पसरून ती वावांत मोजायची, ही गलबतावरची रीत चाचांनीच सांगितलेली.

"पाच वाव! उजवीकडं घे, यल्ला, चल लवकर!"

हायसं वाटलं. म्हातारा उठलाय म्हणजे बरा आहे! रागही आला, या अवस्थेत पुढे कशाला गेले? पण बोललो काही नाही. मुकाट्याने आवाज सांगेल तशी बोट वळवत राहिलो. वीसेक मिनिटांनी जेटीचे टायर दिसले.

दोरी बांधायला पुढे धावलो – तिथे कोणीच नाही.

चाचा केबिनमध्ये, पट्टा बांधलेला तसाच. केबिनचं दार पूर्ण वेळ माझ्या गुडघ्यांसमोर होतं. बाहेर पडायची दुसरी वाट म्हणजे डेकवरची पुढची झडप, तिच्यावर रबरी होडी आवळून बांधलेली. माणूस बाहेर जाणार कुठून? पण त्यांचे दोन्ही तळवे ओले होते, दोरीने सोलवटलेले.

चाचा वाचले. चार दिवसांनी हॉस्पिटलमध्ये, मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "आकडा दिला की सुकाणूवाला तोच आकडा परत बोलतो. तू एकदाही जबाब दिला नाहीस रे. वाटलं, पोरगा पाण्यात पडला, बोट रिकामी चाललीय."

"मग ओरडत का राहिलात?"

"तू पोहत असशील तर आवाजाच्या दिशेनं येशील म्हणून."

ही जबाबाची रीत मला खरंच ठाऊक नव्हती. त्या आवाजाचं, त्या तळव्यांचं कोडं मी आता उकलत बसत नाही. छातीत कळा येत असताना तो माणूस मला बुडालेला समजून हाका मारत होता... आणि मी दहा हातांवर गप्प बसलो होतो.